मोजक्या पैशांत लॅपटॉपवरील हेडफोनचा आवाज सुधारताना : आधी काय तपासावे, पैसे कुठे खर्चावेत

लॅपटॉपला हेडफोन लावून गाणे ऐकताना आवाज दबका, फुगलेला किंवा कर्कश वाटू लागला की बहुतेकांचा विचार थेट खरेदीकडे वळतो. नवा हेडफोन घ्यावा, बाहेरून जोडायचे छोटे साउंड कार्ड घ्यावे की अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, अशी चर्चा सुरू होते आणि दोन-तीन हजार रुपये खर्च होऊनही मूळ तक्रार अनेकदा तशीच राहते, कारण दोष जिथे होता तिथे हातच लागलेला नसतो. गाण्याची फाइल, विंडोजमधील ध्वनिप्रक्रिया, आकड्यांचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारी चिप, जॅक आणि पिन, हेडफोनमधील ड्रायव्हर (विद्युत्संकेताचा आवाज करणारा छोटा भाग) आणि अखेरीस त्याचा कानाशी होणारा संपर्क, एवढ्या टप्प्यांतून आवाज आपल्यापर्यंत येतो. यांतील निम्म्याहून अधिक टप्पे एक पैसाही खर्च न करता दुरुस्त करता येतात. म्हणून या लेखात बिनखर्चाची कामे आधी घेतली आहेत आणि खरेदीचा विचार त्यानंतर केला आहे. विंडोज ११ असलेला तीस-चाळीस हजारांचा लॅपटॉप, वायरचा साधा हेडफोन किंवा इअरफोन आणि फार तर तीन हजार रुपयांची तयारी, अशी स्थिती येथे गृहीत धरली आहे.

परीक्षेसाठी गाणी निवडणे

कोणताही बदल करण्यापूर्वी आपल्या चांगल्या परिचयाची तीन ध्वनिमुद्रणे बाजूला काढावीत आणि प्रत्येक बदलानंतर तीच ऐकावीत. पहिले ख्यालगायनाचे असावे, ज्याच्या सुरुवातीला तानपुरा काही काळ मोकळा ऐकू येतो. गायक काळी एक पट्टीत गात असेल, तर तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर असते. परंतु कानाला ठळकपणे जाणवतात ते जवारीमुळे उमटणारे वरचे उपस्वर. हे उपस्वर अखंड, झिरपत्या धारेसारखे ऐकू आले तर मधला आणि वरचा पट्टा समतोल आहे, आणि त्यांतला एखादाच भाग टोचत असेल तर त्या ठिकाणी हेडफोनमध्ये उंचवटा आहे, असे समजावे. दुसरे ध्वनिमुद्रण तबल्याच्या एकलवादनाचे किंवा ढोलकीचे घ्यावे. डग्ग्यावरची मींड ऐकताना सूर खाली-वर सरकलेला स्पष्ट कळला पाहिजे; नुसता ‘धुम’ असा एकसुरी फुगवटा ऐकू येत असेल, तर खालच्या पट्टीत अतिरेक आहे. तिसरे स्त्रीस्वरातील एखादे भावगीत असावे, ज्यात ‘स’, ‘श’ आणि ‘च’ ही अक्षरे वारंवार येतात, कारण कर्कशपणा सर्वांत आधी तिथे उघडा पडतो.

तुलना करताना दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. एखादी गोष्ट केवळ एक-दोन डेसिबलने मोठी वाजली, तरी कान तिला अधिक स्पष्ट आणि अधिक भरदार ठरवतो. दुकानात नवा हेडफोन लावल्याबरोबर आवडतो, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

कानाशी होणारा संपर्क

कानात बसणाऱ्या इअरफोनचा खर्ज कानाच्या नळीत हवा किती घट्ट कोंडली जाते यावर अवलंबून असतो. बारीकशी फट राहिली तरी खालचा पट्टा गळून जातो, उरलेला आवाज पातळ आणि चिरका वाटतो आणि दोष इअरफोनच्या माथी मारला जातो. गाणे चालू असताना इअरफोन बोटाने किंचित आत दाबावा. डग्गा एकदम भरून ऐकू येऊ लागला, तर रबरी टोपीचे माप चुकले आहे. खोक्यात दिलेल्या तीनही मापांच्या टोप्या लावून पाहाव्यात, आणि डाव्या व उजव्या कानाला वेगवेगळे माप लागू शकते हे लक्षात ठेवावे. कोणतेच माप जमत नसेल तर फोमच्या टोप्या दोन-तीनशे रुपयांत मिळतात. त्या दाबून आत घातल्या की फुलून नळीच्या आकाराच्या होतात. टोकदार वरचा पट्टा त्यांच्यामुळे थोडा मवाळही होतो, पण काही महिन्यांनी त्या बदलाव्या लागतात.

कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनमध्ये हेच काम गाद्या करतात. त्यांचे कृत्रिम चामडे सोलले गेले किंवा आतला स्पंज चपटा झाला की खर्ज उतरतो आणि ड्रायव्हर कानाच्या अधिक जवळ आल्याने स्वरूपच बदलते. नव्या गाद्यांची जोडी बऱ्याच मॉडेलांसाठी तीनशे ते पाचशे रुपयांत मिळते. चष्मा वापरणाऱ्यांनी एकदा चष्मा काढून तेच गाणे ऐकावे, कारण जाड काडीमुळे गादीखाली फट पडते. फरक फार मोठा असेल तर बारीक काडीची फ्रेम किंवा कानात बसणारा इअरफोन त्यांना अधिक सोयीचा पडेल.

एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत गेला असेल, तर वायरवर संशय घेण्यापूर्वी इअरफोनची जाळी उजेडात पाहावी. कानातला मळ तिथे साचतो. जाळीचे तोंड खाली धरून कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झाडावे. पाणी लावू नये आणि सुईने कोरू नये.

पिन आणि जॅक

एक विशिष्ट लक्षण येथे सविस्तर सांगण्यासारखे आहे. कधी कधी वाद्ये ऐकू येतात, त्यांना एक विचित्र घुमारा असतो, आणि गायकाचा आवाज मात्र जवळजवळ नाहीसा झालेला किंवा लांब विहिरीतून आल्यासारखा वाटतो. असे झाले की लोक लॅपटॉपमधील साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे साउंड चालवणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकतात किंवा लॅपटॉप दुरुस्तीला देतात. वास्तविक हा पिनवरच्या सामाईक जोडणीचा, म्हणजे ग्राउंडचा दोष असतो. ती जोडणी तुटली की डाव्या आणि उजव्या बाजूंमधील केवळ फरक कानांपर्यंत पोचतो; गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच मुद्रित केलेला असल्याने तो त्या वजाबाकीत नष्ट होतो. पिन पूर्ण आत न बसणे, जॅकमध्ये खिशातला कापूस अडकणे, माइक असलेल्या हेडफोनच्या चार पट्ट्या जुन्या, वेगळ्या क्रमाने जोडलेल्या असणे, किंवा पिनजवळ वायर तुटणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

लॅपटॉप बंद करून, टॉर्चच्या उजेडात जॅक पाहावा आणि कचरा लाकडी टूथपिकने अलगद बाहेर काढावा. पिनवर काळपट थर आला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसावा. वायर पिनजवळ वाकवल्यावर आवाज येत-जात असेल तर ती आत तुटलेली आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नवी पिन सहज मिळते, आणि आपल्या गावातही मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर ती सोल्डर करून देऊ शकतो. चांगला ड्रायव्हर असलेला हेडफोन केवळ पिनेपायी टाकून देणे मला पटत नाही.

विंडोजमधील सेटिंग

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या त्याच्या चिमुकल्या स्पीकरचा आवाज मोठा भासावा म्हणून डॉल्बी, डीटीएस, वेव्हज मॅक्सऑडिओ किंवा नहिमिक यांसारखी एखादी प्रक्रिया आधीच चालू करून देतात. यांतील काही हेडफोन लावल्यावरही चालूच राहतात. मग खर्ज आणि वरचा पट्टा दोन्ही फुगतात, कृत्रिम घुमारा येतो आणि हळुवार जागा जोरकस जागांइतक्याच मोठ्या होतात. स्टार्ट मेनूत अशा नावाचे अ‍ॅप शोधावे आणि त्यातील सर्व परिणाम हेडफोनसाठी बंद करावेत. चित्रपटासाठी एखाद्याला ते आवडू शकतील. पण मूळ आवाज कसा आहे हे कळण्यासाठी आधी ते बंदच हवेत.

त्यानंतर हेडफोन जोडलेला ठेवून सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात साउंड उघडावे व आपल्या हेडफोनच्या नावावर क्लिक करावे. तेथे स्पेशियल साउंड बंद असल्याची आणि डाव्या-उजव्या बाजूंची पातळी सारखी असल्याची खात्री करावी. मोनो ऑडिओ हा पर्याय चालू राहिला असेल तर सगळे वादक डोक्याच्या मध्यभागी गोळा झालेले वाटतात; तोही बंद करावा. फॉरमॅटसाठी २४ बिट आणि ४८,००० हर्ट्झ हा पर्याय पुरेसा आहे. १,९२,००० हर्ट्झ निवडल्याने गाण्यात नसलेली माहिती निर्माण होत नाही. सीडीसुद्धा १६ बिट आणि ४४,१०० हर्ट्झवरच असते, आणि तेवढ्यात माणसाला ऐकू येणारा संपूर्ण पट्टा मावतो.

साउंडच्या त्याच पानावर खाली ‘मोर साउंड सेटिंग्ज’ आहे. त्यातून जुन्या पद्धतीची खिडकी उघडते आणि तिच्यात कम्युनिकेशन्स नावाचा विभाग असतो. ऑनलाइन बैठक किंवा फोन सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करावेत, असा पर्याय तेथे आधीपासून निवडलेला असतो. पार्श्वभूमीला एखादे कॉलचे अ‍ॅप चालू असताना गाणे अचानक बारीक होते ते यामुळेच. ‘डू नथिंग’ निवडले की हा त्रास संपतो.

ब्लूटूथचे हेडफोन वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. कॉलमध्ये ब्लूटूथ हेडफोनचाच माइक वापरला की जोडणी सहसा संभाषणाच्या जुन्या पद्धतीवर जाते. त्या पद्धतीत आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच, आणि टेलिफोनसारखा अरुंद पट्ट्याचा होतो. बैठकीच्या अ‍ॅपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा अंतर्गत माइक निवडावा आणि ऐकण्यासाठी तेवढा हेडफोन ठेवावा. हेडफोनला संगीताची पद्धत परत मिळते आणि पलीकडच्यालाही आपला आवाज बहुधा अधिक स्पष्ट जातो.

गाणे कुठून येते आहे

स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपमध्ये दर्जा ‘ऑटो’वर असेल तर तो वाय-फायच्या मर्जीवर सोडल्यासारखे होते, म्हणून आपल्या योजनेत मिळणारा सर्वोच्च दर्जा स्वतः निवडावा. स्पॉटिफायच्या प्रीमियम योजनेत संगणकावरील अ‍ॅपला २०२५पर्यंत ३२० किलोबिटपर्यंतचा दर्जा मिळत असे, तर फुकट योजनेत ब्राउझरमधून ऐकताना तो १२८ किलोबिट असतो. या दोहोंत फरक आहे, पण फाटलेल्या गादीने किंवा चुकीच्या टोपीने पडणाऱ्या फरकापुढे तो लहान आहे. ब्राउझरमधल्या व्हिडिओच्या खिडकीतला व्हॉल्यूम पूर्ण ठेवून एकूण पातळी विंडोजमधून नियंत्रित करावी, म्हणजे दोन ठिकाणी कमी केलेला आवाज भरून काढण्यासाठी हेडफोन खेचावा लागत नाही.

जुनी नाट्यपदे ऐकणाऱ्यांनी वेगळी अपेक्षा ठेवावी. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेल्या मुद्रणात वरच्या टोकाला सुरांपेक्षा सुईची खरखरच अधिक असते आणि मुद्रण मोनो असते. तिथे वरचा पट्टा वाढवून काहीच हाती लागत नाही. उलट तो थोडा उतरवला तर गायकाचा आवाज सुखद होतो.

इक्वलायझर : बिनखर्चाची सर्वांत मोठी सुधारणा

स्वस्त हेडफोनच्या आवाजात जे दोष असतात, त्यांतील बहुतेक दोष कोणता पट्टा किती उंच आहे याच्याशी संबंधित असतात, आणि पट्ट्यांची उंची सॉफ्टवेअरने बदलता येते. म्हणूनच तीन हजारांच्या खरेदीआधी एक संध्याकाळ या कामाला द्यावी, असा माझा आग्रह आहे.

विंडोजसाठी इक्वलायझर एपीओ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. ते टाकताना कॉन्फिगरेटर (नव्या आवृत्तीत डिव्हाइस सिलेक्टर) नावाची खिडकी उघडते आणि लॅपटॉपवरील सर्व ध्वनिसाधनांची यादी दाखवते. त्यात आपल्या हेडफोनसमोर खूण करावी आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. येथे हमखास अडखळण्याची एक जागा आहे. विंडोजमध्ये त्या साधनाची ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ पूर्णपणे बंद केलेली असतील, तर इक्वलायझर एपीओसुद्धा चालत नाही, कारण तेही त्याच मार्गाने काम करते. म्हणून कंपनीचे परिणाम कंपनीच्या अ‍ॅपमधून बंद करावेत आणि विंडोजमधील हा पर्याय चालू ठेवावा. सॉफ्टवेअर खरोखर काम करते आहे का, हे तपासण्यासाठी त्यातील प्रीअ‍ॅम्प, म्हणजे एकूण पातळीचा आकडा, उणे २० डेसिबलवर न्यावा. आवाज लगेच पडला तर जोडणी बरोबर आहे. पडद्यावरचे पट्टे सरकवून काम करणे ज्यांना सोपे वाटते, त्यांनी सोबत पीस हे जोडसॉफ्टवेअर घ्यावे.

आता किती आणि कुठे बदल करायचा, हा प्रश्न येतो. आपला हेडफोन नावाजलेला असेल तर ऑटोईक्यू या मुक्त प्रकल्पाच्या संकेतस्थळावर त्याचे नाव शोधावे. वेगवेगळ्या लोकांनी यंत्राने घेतलेली हेडफोनांची मापने तेथे गोळा केलेली आहेत आणि प्रत्येक मॉडेलसाठी दुरुस्तीचे आकडे तयार मिळतात. ही दुरुस्ती बहुतांशी हार्मन या ध्वनिसाधनांच्या कंपनीतील संशोधनातून आलेल्या अपेक्षित आलेखाकडे झुकलेली असते. तेथील शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३च्या सुमारास श्रोत्यांच्या पसंतीच्या चाचण्या घेतल्या. चांगले स्पीकर चांगल्या खोलीत जसे ऐकू येतात तसा हेडफोन बहुतेकांना आवडतो, असे त्यांतून दिसले. अशा हेडफोनच्या आलेखात खर्जाला थोडी उंची आणि ३ किलोहर्ट्झच्या आसपास नैसर्गिक चढ असतो. इक्वलायझर एपीओसाठीची फाइल उतरवून ती सॉफ्टवेअरमध्ये आणली की काम झाले. आकड्यांतला खर्ज आपल्याला जास्त वाटला तर तो बिनदिक्कत दोन-तीन डेसिबल कमी करावा.

आपल्याकडे बहुसंख्य लोक जे पाचशे ते हजार रुपयांचे हेडफोन वापरतात, त्यांची मापने अशा यादीत पुष्कळदा नसतात. त्यांना कानाने काम करावे लागते, आणि ते दिसते तितके अवघड नाही. आधी फुगवटा पाहावा. डग्गा आणि पुरुषस्वराचा खालचा भाग एकमेकांत मिसळून धूसर होत असेल, तर २०० हर्ट्झला मध्य धरून, क्यू ०.७ ठेवून, तीन डेसिबल कमी करावेत. क्यू म्हणजे बदलाचा पसारा; आकडा लहान असेल तर आजूबाजूचा मोठा पट्टा बदलतो, मोठा असेल तर अरुंद भागच बदलतो. फुगवटा उतरल्याबरोबर सुरुवातीला आवाज हलका वाटेल, म्हणून लगेच निर्णय न घेता पाच-दहा मिनिटे तसेच ऐकावे. नंतर गायकाचे शब्द सुटे होऊन पुढे आलेले जाणवतात.

मग कर्कशपणाकडे वळावे. इंटरनेटवर कोणताही टोन जनरेटर उघडून, आवाज अगदी बारीक ठेवून, ४ ते १० किलोहर्ट्झच्या दरम्यान सूर सावकाश वर न्यावा. एखाद्या ठिकाणी तो एकाएकी टोचू लागतो आणि थोडे पुढे गेल्यावर पुन्हा सौम्य होतो. तो आकडा लिहून ठेवावा आणि तिथे क्यू २ ते ३ ठेवून तीन-चार डेसिबल उतरवावेत. ‘स’ आणि ‘श’ टोचणाऱ्या हेडफोनचा उंचवटा सहसा ५ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान सापडतो. मात्र ३ किलोहर्ट्झच्या आसपास सूर थोडा मोठा वाटला म्हणून तो सपाट करण्याच्या मोहात पडू नये. आपल्या कानाची नळी त्या भागाला स्वभावतःच उठाव देते, आणि तो काढून टाकला की गायकाच्या आवाजातील जिवंतपणा निघून जातो. १० किलोहर्ट्झच्या वर प्रत्येकाचा कान आणि हेडफोनची बसण्याची जागा यांनी इतका फरक पडतो की तिथे बारीक दुरुस्त्या करण्यात अर्थ नाही.

खर्ज वाढवायचा असेल तर ८० हर्ट्झवर लो शेल्फ प्रकारचा, म्हणजे त्याखालचा सगळा पट्टा एकत्र उचलणारा, फिल्टर घेऊन चार-पाच डेसिबलपर्यंत जावे, त्यापुढे जाऊ नये. आणि जेवढी सर्वांत मोठी वाढ केली असेल तेवढाच प्रीअ‍ॅम्प उणे करावा. पाच डेसिबल वाढवले असतील तर प्रीअ‍ॅम्प उणे पाच. हे न केल्यास मोठ्या आवाजाच्या जागा डिजिटल मर्यादेला धडकतात आणि तिथे आवाज फाटतो किंवा आक्रसतो. एकंदर आवाज कमी झाला असे वाटेल, तो विंडोजच्या व्हॉल्यूमने भरून काढावा.

इक्वलायझरने जे साधत नाही तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. टोपीतून गळणारा खर्ज तो भरून काढू शकत नाही. दहा डेसिबल वाढवूनही हवा फटीतून निघूनच जाते. छोटा ड्रायव्हर ताणल्यावर जी विकृती येते, तीही त्याने जात नाही.

लिनक्सवर पाइपवायर या ध्वनिप्रणालीसोबत चालणारे इझीइफेक्ट्स आणि मॅकवर ईक्यूमॅक हीच कामे करतात.

खरखर, सूं-सूं आणि डाँगल

गाणे बंद असतानाही हेडफोनमध्ये काही ऐकू येत असेल, तर शांत खोलीत एक छोटी चाचणी करावी. काहीही न वाजवता माउस हलवावा, एखादे जड पान उघडावे, चार्जर काढावा आणि पुन्हा लावावा. माउससोबत किंवा पान उघडताना बारीक चिवचिवाट बदलत असेल, तर लॅपटॉपच्या बोर्डावरील इतर भागांचा विद्युत्गोंधळ ध्वनीच्या परिपथात शिरतो आहे. माउस हलो वा न हलो, एकसारखी सूं-सूं येत असेल, तर ती जॅकमागच्या अ‍ॅम्प्लिफायरची आहे. अतिसंवेदनशील इअरफोनवर ती अधिक जाणवते. चार्जर लावल्यावरच घूं असा आवाज येत असेल, आणि विशेषतः लॅपटॉप बाहेरच्या विजेवरच्या स्पीकरला जोडलेला असेल, तर अर्थिंगकडे पाहावे. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नसते. विजेच्या जाणकाराकडून ते तपासून घ्यावे. आवाज जावा म्हणून चार्जरची तिसरी पिन कापण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतू शकतो, तो कदापि मानू नये.

पहिल्या दोन प्रकारांवर खात्रीचा आणि स्वस्त उपाय म्हणजे यूएसबी डाँगल. ध्वनीचे रूपांतर करणारी चिप लॅपटॉपच्या गोंगाटातून बाहेर, वायरच्या टोकाशी येते. अ‍ॅपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटर अ‍ॅडॅप्टर साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो, विंडोजच्या लॅपटॉपवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो, आणि त्याचा आवाज मापनांतही अतिशय स्वच्छ ठरला आहे. काही अँड्रॉइड फोनवर तो बारीक वाजतो, ती अडचण लॅपटॉपवर येत नाही. फक्त जुना चौकोनी यूएसबी पोर्ट असेल तर सी-टू-ए कन्व्हर्टर लागतो. घेताना एक सावधगिरी बाळगावी. बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळणारे काही अ‍ॅडॅप्टर केवळ तारा जोडून दिलेले असतात, त्यांत चिपच नसते. ते मोजक्या फोनवर चालतात आणि लॅपटॉपवर मुके राहतात. खोक्यावर ‘डॅक’ (म्हणजे हीच रूपांतर करणारी चिप) असा स्पष्ट उल्लेख पाहून, परत करण्याची सोय असेल तिथूनच घ्यावे.

डाँगल लावल्यावर विंडोजच्या दृष्टीने ते नवे साधन असते, म्हणून इक्वलायझर एपीओच्या कॉन्फिगरेटरमध्ये त्यासमोरही खूण करावी लागते. दुसऱ्या पोर्टला लावल्यावर कधी कधी तेच डाँगल पुन्हा नवे मानले जाते. शक्यतो एकच पोर्ट ठरवून घ्यावा.

आणि ज्यांच्या जॅकमधून काहीच खरखर येत नाही, त्यांनी केवळ ‘दर्जा सुधारेल’ या आशेने डाँगल घेऊ नये. आजच्या पुष्कळ लॅपटॉपचे जॅक साध्या हेडफोनसाठी पुरेसे स्वच्छ असतात.

अ‍ॅम्प्लिफायर लागतो का

याचे उत्तर हिशेबाने मिळते. एक व्होल्ट देणारे डाँगल ३२ ओहमच्या (ओहम हे विद्युत्रोधाचे माप) हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॉट देते. हेडफोनची संवेदनशीलता मिलिवॉटला १०० डेसिबल असेल, तर आवाज ११५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, जो कानाला इजा करण्याइतका मोठा आहे. म्हणजे येथे अ‍ॅम्प्लिफायरला कामच उरत नाही. हेडफोन ३०० ओहमचा असेल तर तेच डाँगल सव्वातीन मिलिवॉटच देते. मंद मुद्रण केलेल्या शास्त्रीय मैफलींना ते कमी पडू शकते आणि तिथे विचार करावा. पण तीन हजारांत बसणारे जवळजवळ सर्व हेडफोन १६ ते ६४ ओहमच्या दरम्यान असतात.

हेडफोनच बदलायचा ठरल्यास

वरची सर्व कामे करूनही आवाज फाटत असेल किंवा कितीही दुरुस्तीने धूसरपणा जात नसेल, तर उरलेले सगळे पैसे वायरच्या हेडफोनवर लावावेत. एवढ्याच किमतीच्या बिनतारी हेडफोनमध्ये बॅटरी, रेडिओ आणि माइक यांवर बराच खर्च झालेला असतो, आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी दम सोडते.

माझ्या मते दीड ते अडीच हजार रुपयांत कानात बसणारा वायरचा इअरफोन हा सर्वांत फायद्याचा सौदा आहे. मूनड्रॉप, सेव्हन हर्ट्झ, ट्रूथिअर, केझेड यांसारख्या चिनी कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत या किमतीत मापनाधारित इअरफोन आणले आहेत, आणि त्यांतील पुष्कळांची मापने ऑटोईक्यूवर आहेत. वायर सुटी होणारे मॉडेल शक्यतो निवडावे, कारण बिघाड बहुधा वायरमध्येच होतो आणि मग दोन-तीनशे रुपयांत काम भागते. तासन्‌तास ऐकणाऱ्यांना किंवा कानात काही घातलेले सोसत नाही अशांना कॉसचे पोर्टा प्रो किंवा केपीएच-३० आय यांसारखे हलके, उघड्या पाठीचे हेडफोन पाहता येतील. मात्र त्यांच्यातून बाहेरचा गोंगाट सरळ आत येतो. लोकलमध्ये, हॉस्टेलच्या खोलीत किंवा रस्त्यालगतच्या घरात ऐकणाऱ्यांनी बंद प्रकारच घ्यावा. गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेणे ही कानाच्या दृष्टीने सर्वांत वाईट सवय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा मानली आहे, आणि पातळी वाढत गेली की हा वेळ झपाट्याने घटतो.

खोक्यावरच्या सोनेरी ‘हाय-रेस’ चिन्हाला किमतीत वजन देऊ नये. ते मिळवण्यासाठी साधनाने ४० किलोहर्ट्झपर्यंत प्रतिसाद द्यावा लागतो, आणि माणसाचे ऐकणे तरुणपणीही २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते. गेमिंग हेडफोनवरील ‘७.१’ हा आकडा बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या घुमाऱ्याचा असतो आणि संगीताला तो मारक ठरतो.

ऑनलाइन खरेदी करताना विक्रेत्याचे नाव आणि परतीची अट वाचूनच पैसे भरावेत, कारण कानात घालायच्या वस्तू खोके उघडल्यावर परत घेण्यास काही विक्रेते नकार देतात. बिल जपून ठेवावे. वॉरंटीच्या वेळी छापील बिल मागितले जाते. इअरफोन हाती पडला की पहिल्याच दिवशी मोनो मुद्रण लावून दोन्ही बाजू तपासाव्यात. गायकाचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी न येता एका बाजूला कलत असेल, तर डावा-उजवा इअरफोन अदलाबदल करून तेच मुद्रण पुन्हा ऐकावे. कल दुसऱ्या बाजूला सरकला तर आधी विंडोजमधील बॅलन्स तपासावा; तो सारखा असेल तर दोन ड्रायव्हरांच्या पातळीत फरक आहे आणि परतीची मुदत संपण्याआधी इअरफोन बदलून घ्यावा. कल त्याच बाजूला राहिला तर टोपीचे माप किंवा कानातला मळ यांपैकी एकाकडे लक्ष द्यावे.